भिंतीच्या आतली सही

पहिल्या दोन ठोक्यांना भिंत भरीव वाजली, जशी वाजायला हवी तशी. तिसरा ठोका त्यानं हातभर उजवीकडे दिला आणि भिंत पोकळ वाजली. त्यानं हात मागे घेतला, खिशात घातला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. बैठकीच्या खोलीत कुणी नव्हतं. सकाळचे साडेनऊ झाले होते. लांब टेबल खिडकीकडे सरकवलेलं, चौदा खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर चढवून कोपऱ्यात ठेवलेल्या, आणि समोरच्या भिंतीवर, जिथून काल जुना पांढरा फळा काढला होता तिथं, एक उजळ चौकोन आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार भोकं. आज दुपारी त्या चौकोनावर नवा स्क्रीन बसायचा होता. सहा फूट रुंद, पंचाऐंशी किलो वजनाचा, बोटानं लिहिता येईल, पुसता येईल, ओढून मोठं-लहान करता येईल असा. गेले तीन आठवडे कचेरीत दुसरा विषय नव्हता आणि गेले तीन आठवडे तो या खोलीची तयारी करत होता. विजेचा पॉइंट वर घेतला होता. वायर भिंतीवर लोंबू नये म्हणून नळी बसवली होती. खिडकीचं ऊन स्क्रीनवर चमकू नये म्हणून जाड पडदे लावून घेतले होते. कचेरीतल्या सगळ्यात बुटक्या माणसाला उभं करून त्याचा हात कुठवर पोचतो तेही बघितलं होतं. यादीतल्या एकवीस ओळींपुढे खुणा झाल्या होत्या. बाविसावी ओळ होती, 'भिंत वजन पेलेल याची खात्री'. ती त्यानं शेवटी ठेवली होती, कारण ती सगळ्यात सोपी होती. भिंत त्याच्याच देखरेखीखाली बांधलेली होती.

त्यानं पुन्हा ठोकून बघितलं. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून, पेरानं, बाबा ठोकत तसं. चौकोनाचा डावा अर्धा भाग भरीव. मध्याच्या जरा पुढे आवाज बदलायचा. मग उजव्या कडेपर्यंत पोकळ, मध्ये फक्त पत्र्याचा उभा खांब येई तिथं बोटभर रुंदीचा कडक आवाज, आणि पुन्हा पोकळ. तो खाली वाकला, वर खुर्चीवर चढला, सगळीकडे तेच. खुर्चीवरून उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय. आता यात घाबरण्यासारखं काय आहे, असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि उत्तर ठाऊक असल्यामुळे विचारणं सोडून दिलं.

कचेरीत त्याला सगळे खातरजमा म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि त्याला ते आवडे, पण हे त्यानं बायकोजवळसुद्धा कबूल केलं नव्हतं. सत्तावीस वर्षं तो या इमारतीची देखभाल बघत होता आणि 'खातरजमा केलीत का?' हे वाक्य त्यानं इतक्या वेळा उच्चारलं होतं की लोकांनी ते त्याच्या अंगावरच चढवून टाकलं. नळ दुरुस्त झाला असं कुणी सांगितलं की हा जाऊन नळ सोडून बघायचा. लिफ्ट चालू झाली असं कळलं की हा आधी रिकामी वरखाली पाठवायचा, मग स्वतः बसून जायचा, मग इतरांना जाऊ द्यायचा. लोक हसत. पण साहेब लोक कुठल्याही कागदावर त्याची सही दिसली की पुढचं वाचत नसत. सेवेचे आठ महिने राहिले होते. ते संपल्यावर त्याच्यापाशी उरणार होतं ते एवढंच, की या माणसानं न बघता कधी हो म्हटलं नाही. आणि ही भिंत त्यानं बघितलेली नव्हती.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मोठं दालन मध्ये तोडून ही बैठकीची खोली काढली तेव्हाची. पत्र्याचे उभे खांब, त्यांच्या मध्ये जिथं वजन टांगायचं तिथं जाड प्लाय, आणि दोन्ही अंगांनी जिप्समचे पांढरे बोर्ड. बोर्ड लागले की झाकली मूठ सव्वा लाखाची, आत काय आहे ते देवाला आणि मिस्त्रीला ठाऊक. म्हणून या कचेरीत एक रीत होती. त्याच्या आधीचे देखभाल प्रमुख, एक फार कडक आणि फार प्रेमळ गृहस्थ, त्यांनी ती घालून दिली होती. जे झाकलं जाणार त्यावर आधी आपली सही करायची. आतल्या लाकडावर, सुताराच्या जाड पेन्सिलीनं, तारखेसकट. मग मिस्त्रीला म्हणायचं, कर बंद. कागदावरची सही नंतरची, आणि ती खरी नव्हे. 'कागदावर सही करायला खोलीत असावं लागत नाही,' ते म्हणत, 'आतल्या सहीला असावं लागतं.' या इमारतीत पाच भिंतींच्या आत आणि दोन छतांच्या वर त्याचं नाव होतं. कधी कधी जिन्यातून जाताना त्या गोष्टीची आठवण होऊन त्याला बरं वाटे. आपण मेल्यावरही आपण इथं आत कुठंतरी हजर, तारखेसकट. सहाव्या भिंतीत मात्र तो नव्हता.

त्या दिवशी सकाळी अकराला प्लाय बसणार होता. साडेदहाला बायकोचा फोन आला, "अहो, बाबांना धाप लागलीय, उभं राहवत नाहीये त्यांना." तो निघाला. निघताना मिस्त्रीला म्हणाला, "मी येईपर्यंत भिंत बंद करू नका." मिस्त्री म्हणाला, "तुम्ही जावा बिनघोर." तो गेला तो बिनघोर गेला नाही, पण गेला. डॉक्टरांच्या खोलीत बाबांना उंच पलंगावर बसवलं होतं, सदरा वर करून. डॉक्टरांनी डाव्या हाताचं बोट त्यांच्या पाठीवर सपाट ठेवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर ठोकलं. एकदा, दोनदा, मग खाली. बाबा आयुष्यभर गवंडी होते. घरात नवी वस्तू आली की आधी ती वाजवून बघायची ही त्यांची खोड. माठ, दार, फरशी, आणि एकदा मास्तर म्हणाले तुमचा मुलगा हुशार आहे तेव्हा घरी येऊन मुलाचं डोकं. "वाजतं तर बरं," ते म्हणाले होते आणि आई हसून हसून खाली बसली होती. तर त्या दिवशी बाबा मान किंचित वाकडी करून, डोळे मिटून, आपल्याच पाठीवरचे ठोके ऐकत होते. डावीकडे वर पोकळ, खाली पोकळ. उजवीकडे वर पोकळ, आणि खाली एकदम बद्द. त्यालासुद्धा कळलं. भिंतीचं आणि छातीचं उलटं असतं, छाती पोकळ वाजायला हवी, जिथं भरीव वाजते तिथं पाणी भरलेलं असतं. डॉक्टर त्याला बाहेर घेऊन गेले आणि जे सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं. घरी येताना रिक्षात बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "काही नाही म्हणाले. औषध दिलंय, बरं वाटेल." बाबा रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मला ऐकू आलं होतं." एवढंच. रागानं नाही, समजावण्याच्या सुरातही नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. त्यानंतर ते एकोणीस दिवस होते, आणि त्या एकोणीस दिवसांत त्यांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पाणी हवं तर सुनेला विचारत. किती वाजले हे नातीला विचारत. तो पायाशी बसलेला असला तरी नातीला विचारत.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत आला तेव्हा भिंत दोन्ही अंगांनी बंद झाली होती, सांधे भरून झाले होते, वर पुट्टीचा पहिला हात चालू होता. मिस्त्री पायाडावरून म्हणाला, "साहेब, तुमची सही मीच करून टाकली आत. हुबेहूब. काळजी करू नका." आणि हसला. त्याला तेव्हा एकच गोष्ट करायची होती. 'उघड' म्हणायचं. एक बोर्ड उतरवायला पंधरा मिनिटं लागली असती. पण त्याच्या कानात बाबांच्या उजव्या बगलेखालचा तो बद्द आवाज भरलेला होता, आदल्या दिवशी आपण एक खोटं बोललोय आणि ते पकडलं गेलंय एवढंच मनात होतं, आणि का कोण जाणे, आता आणखी काही उघडून बघावं असं त्याला वाटेना. तो हसला. खाली जाऊन त्यानं फाईलमधल्या कागदावर सही केली. 'आतील लाकूड पूर्ण रुंदीत बसवले, समक्ष पाहिले.' समक्ष हा शब्द छापीलच होता. बारा वर्षं त्या भिंतीवर एक हलका फळा लटकत होता आणि त्या फळ्याला त्या शब्दाची कधी गरज पडली नाही.

"काय रे, भिंतीला ताप आलाय का? हात लावून उभा आहेस तो." दारातून टिपणं घेणाऱ्या काकू आत आल्या. एकतीस वर्षं या कचेरीतल्या प्रत्येक बैठकीचा शब्द न् शब्द त्यांनी लिहून घेतला होता, आणि अजून संगणकावर नव्हे तर वहीत घेत. जाड भिंगांचा चष्मा, दुखरे गुडघे, आणि जीभ अशी की वरिष्ठ साहेबसुद्धा त्यांच्यासमोर वाक्य पूर्ण करूनच थांबत. त्यानं हात खाली घेतला. "बघतोय काकू, वजन पेलेल का ते." "तू बघतोयस म्हणजे झालंच. माझी खुर्ची कुठे?" त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगातून स्वतःच आपली खुर्ची सोडवायला घेतली. तो मदतीला धावला. काकूंची जागा ठरलेली होती, फळ्याच्या उजव्या कोपऱ्याखाली, भिंतीला पाठ लावून. तिथून त्यांना सगळ्यांची तोंडं दिसत, आणि ज्याचं तोंड दिसत नाही त्याचं बोलणं मी लिहून घेत नाही, असं त्या म्हणत. "काकू, यावेळी जरा पलीकडे बसा ना, खिडकीपाशी. स्क्रीन मोठा आहे, डोक्यावर येईल." "येऊ दे. म्हणजे सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटेल मला. या वयात कोण बघतंय एरवी?" त्या हसल्या, खुर्ची त्या उजळ चौकोनाच्या उजव्या अर्ध्याखाली नेमकी ठेवली, बसून बघितली, डोकं मागे टेकवलं. "इथंच ठेव हं. हलवलीस तर बघ." त्या गेल्या. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी आपली शाल टाकून ठेवली होती, जागा धरल्यासारखी.

अजून वेळ होता. वर जाऊन सांगता आलं असतं. साहेब, भिंत अर्धी पोकळ आहे, बोर्ड कापून आत लाकूड घालावं लागेल, दोन दिवस लागतील. दोन दिवसांनी काही आकाश कोसळणार नव्हतं. पण साहेब फाईल मागवतील. फाईलमध्ये समक्ष आहे. मग ते त्याच्याकडे बघतील, रागानं नव्हे, बघतील फक्त, आणि पुढच्या वेळी कुणीतरी नळ दुरुस्त झाला म्हणून सांगेल तेव्हा खातरजमा केलीत का असं तो विचारील आणि समोरचा माणूस काही बोलणार नाही, जरासा हसेल. त्या हसण्याची त्याला भीती वाटत होती. एका जिवंत बाईच्या डोक्यावर पंचाऐंशी किलो टांगण्यापेक्षा त्याला त्या हसण्याची जास्त भीती वाटत होती, आणि हे स्वतःला दिसल्यावर त्याला स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून तो जिना चढून वर गेला असं मात्र नाही. कदाचित लाकूड असेल, त्यानं विचार केला. कदाचित आतून सुटून जरा मागे सरकलं असेल, म्हणून पोकळ वाजतं. कदाचित मिस्त्रीनं खरंच सही केली असेल. लाकूड नसेल तर सही कशावर केली असती त्यानं? या प्रश्नाचा त्याला फार आधार वाटला. मनुष्य बुडायला लागला की काडीचाही आधार घेतो, तसा त्यानं एका थट्टेचा घेतला.

डबा उघडून तो खाली आपल्या खोलीत बसला, पण पोळीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. त्यानं घरी फोन लावला. "जेवलात का?" बायकोनं आधी विचारलं. "जेवतोय. ऐक ना, बाबांना डॉक्टरांकडे नेलं तो दिवस आठवतो का तुला?" "हे काय आता भर दुपारी?" ती म्हणाली. "आठवतो की. त्या रात्रभर तुम्ही कूस बदलत होतात. उद्या जाऊन बघतो, उद्या जाऊन बघतो, असं झोपेत म्हणत होतात. मला वाटलं बाबांचंच काहीतरी. कशाबद्दल म्हणत होतात हो?" "भिंतीबद्दल." "मग बघितलीत का दुसऱ्या दिवशी?" त्यानं डब्याचं झाकण लावलं. पलीकडून तिचा आवाज आला, "अहो? ऐकू येतंय ना?" "येतंय," तो म्हणाला. "स्क्रीनवाले आलेत, ठेवतो." खरं तर ते अजून आले नव्हते. बारा वर्षांनी तो पुन्हा रिक्षातलंच वाक्य बोलला होता, फक्त शब्द निराळे होते.

ते दीड वाजता आले. दोन दणकट माणसं खोकं घेऊन, आणि त्यांची प्रमुख एक तिशीतली बाई, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, कमरेच्या पट्ट्यात पाने-पेचकस. तिनं खोली एकदा डोळ्यांखालून घातली आणि म्हणाली, "इतकी नीट तयारी केलेली खोली मी या वर्षात बघितली नाही. बऱ्याच ठिकाणी आम्हालाच टेबलं सरकवावी लागतात." पोकळ भिंतीपुढे उभं राहून ते कौतुक ऐकताना त्याला कसंतरीच झालं. तिनं भिंतीवरून एक लहानसं यंत्र फिरवलं, ते पत्र्याच्या खांबांवर आलं की बारीक टुकटुक करी. खांबांच्या जागी तिनं पेन्सिलीनं उभ्या रेघा मारल्या. "काका, मध्ये प्लाय आहे ना?" "फाईलमध्ये नोंद आहे," तो म्हणाला. "ती बघितली मी, पाठवली होती तुम्ही. पण नोंद निराळी." ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही स्वतः बघितलाय ना?" किती सरळ प्रश्न होता. ती हातात पेन्सिल धरून उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या तोंडावर काहीही संशय नव्हता. आधीचे प्रमुख असते तर म्हणाले असते, हीच बाई माझ्या जागेवर नेमा. "बघितलाय," तो म्हणाला. आपला आवाज त्याला स्वच्छ, खात्रीचा वाटला. "मग झालं," ती म्हणाली आणि एक छापील कागद पुढे केला, 'जागा तयार आहे'. त्यानं सही केली. आता एका भिंतीबद्दल त्याच्या दोन सह्या झाल्या होत्या, आणि दोन्ही बाहेरच्या.

ड्रिल सुरू झालं तेव्हा तो जवळच उभा होता, जमिनीवर पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्राकडे बघत. डावीकडच्या भोकांतून आधी पांढरी भुकटी पडली आणि मग तिच्यावर लाकडाचा तांबूस भुसा, बारीक वळ्या झालेला. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग ती उजवीकडे सरकली. भुकटी पडली. भुकटीच पडत राहिली. टोक एकदम आत धसलं आणि बाईचा खांदा पुढे झुकला, तिनं ड्रिल थांबवलं. "पांढरंच येतंय," ती म्हणाली. तो म्हणाला, "त्या बाजूला दुहेरी बोर्ड आहे. लाकूड जरा मागे असेल." कुठून आलं हे वाक्य त्याच्या तोंडात? ते इतकं तयार होऊन आलं होतं, जणू बारा वर्षं आत बसून वाटच बघत होतं. तिनं भोकाला डोळा लावला, आत अंधार. ओठ चावला. "मग लांब स्क्रू घेते. आणि मागे उघडणारे पंखवाले खिळे लावते, बोर्डाला तरी धरतील. लाकूड असेल तर प्रश्नच नाही." "प्रश्नच नाही," तो म्हणाला. दोघा माणसांनी लोखंडी चौकट उचलून धरली. लेव्हलमधला बुडबुडा मध्यावर येऊन थांबला. मग तिघांनी मिळून तो स्क्रीन उचलला, काळा, गुळगुळीत, आणि एक-दोन-तीन म्हणत चौकटीत अडकवला. भिंत काही बोलली नाही. नाकापेक्षा मोती जड, त्याच्या मनात आलं, आणि मग दुसरं काही येईना. काळ्या काचेत समोरच्या खिडक्या, टेबल आणि आपण उभे आहोत असं त्याला दिसलं, सगळं जरा उजवीकडे कललेलं. की तसा भास होता? त्यानं स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला लागून भिंतीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ मारली. बाई हसली. "काका, तुम्ही आमच्याहून वाईट आहात." जाताना ती म्हणाली, "दोन-चार दिवस फार जोर देऊन लिहू नका म्हणावं कुणाला."

ती गेल्यावर अर्ध्या तासानं त्यानं रेघ बघितली. रेघ आणि कड यांच्यामध्ये आता एक केस मावेल एवढी फट होती. आधी नव्हती. किंवा त्यानं रेघच जरा वर मारली असेल. तो खुर्चीवर चढून, नाक भिंतीला लावून त्या फटीकडे बघत होता तेव्हा बाहेर पावलं वाजली आणि वरिष्ठ साहेब सगळ्यांना घेऊन आत आले. चार वाजले होते, साडेचारला बैठक होती. "वा," साहेब म्हणाले. "वा, वा!" लोक काचेवर बोटं टेकवायला धावले. कुणी गोल काढला, कुणी फूल काढलं, कुणी पूर्ण तळव्यानं पुसलं. प्रत्येक बोटागणिक तो स्क्रीन जरासा आत दबतो आणि परत येतो हे त्याला दिसत होतं. उजवीकडे जास्त. दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं, कारण सगळे काचेत बघत होते आणि तो एकटा कडेकडे बघत होता. गर्दीतून वाट काढत काकू आल्या, आपली शाल उचलली, खुर्चीवर बसल्या, वही मांडीवर घेतली आणि डोकं मागे टेकवलं. त्यांच्या पांढऱ्या केसांच्या वर एक वीत अंतरावर स्क्रीनची खालची कड होती.

"थांबा, थांबा," साहेब म्हणाले. "पहिली सही मानाची. खातरजमा, या पुढे. ही खोली तुम्ही उभी केलीत, तुम्हीच सही करा." टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "आधी खातरजमा करू दे त्यांना, स्क्रीन खरा आहे का ते!" सगळे हसले, आणि ते साधं, मायेचं हसणं होतं. सकाळपासून ज्या हसण्याची त्याला भीती होती तसं ते नव्हतं. त्याला वाटलं, हेच शेवटचं असं हसणं. तो पुढे गेला. साहेबांनी काचेवर कोरं पांढरं पान उघडून दिलं. त्यानं उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं आणि काचेवर ठेवलं. काच थंड होती, आणि तिच्या मागे भिंत दबली. अगदी थोडी. खूप खंगलेल्या माणसाच्या बरगडीवर बोट ठेवल्यावर दबते तशी. आणि आत कुठंतरी वर, उजवीकडे, एक बारीक कट असा आवाज झाला.

त्यानं मागे बघितलं. सगळे हसत त्याच्याकडे बघत होते, कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला ऐकू आलं होतं, बाबा म्हणाले होते. त्याला पहिल्यांदा कळलं की बाबा ते त्याला पकडण्यासाठी म्हणाले नव्हते. त्यांना ऐकू आलं होतं आणि तेवढ्या एका गोष्टीत त्यांना सोबत हवी होती. ती त्यानं दिली नाही, म्हणून मग ते एकटेच ऐकत राहिले, एकोणीस दिवस. त्यानं बोट अलगद टेकवलं, जितकं हलकं टेकवता येईल तितकं, आणि सही न करता लिहायला लागला. अक्षर लहान मुलासारखं वाकडंतिकडं येत होतं. त्या यंत्रात अशी काही करामत होती की ओळ पुरी झाली की ते वाकडं अक्षर क्षणभर थांबे आणि मग आपलं आपण सुबक, छापील होऊन मोठं दिसे. 'या भिंतीत उजवीकडे लाकूड नाही.' मागचं हसणं कमी झालं. 'मी बघितलं नव्हतं.' मागचं हसणं थांबलं. दारापाशी कुणीतरी नुकतंच आलं होतं, ते "काय झालं?" म्हणालं आणि मग तेही वाचायला लागलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अरे, काय लिहिलंय त्यानं?" काकूंनी विचारलं. पाठ स्क्रीनकडे असल्यामुळे त्यांना एकट्यांनाच ते दिसत नव्हतं. त्यांनी समोरच्या सगळ्या तोंडांवरून नजर फिरवली, एकेक करून, जशा त्या बैठकीत फिरवत. "बोला की. मला लिहून घ्यायचंय." वर पुन्हा कट झालं, आणि यावेळी ते दोघा-तिघांना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी माना वर केल्या. त्यानं दोन्ही हात स्क्रीनच्या उजव्या कडेखाली घातले, खांदा लावला, आणि वजन अंगावर घेतलं. ते खरंच खूप होतं.

"सांगतो काकू," तो म्हणाला. "सगळं सांगतो. आधी तुम्ही उठा."

त्यांनी मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. वही मिटली, पेन वहीत अडकवलं, एक हात खुर्चीच्या कडेवर ठेवला. काकूंचे गुडघे दुखरे होते. खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागायचा.